रुजुवातीच्या मेजावरून

मुद्रितशोधनाचे काम दोन माणसांनी मिळून करावयाचे, एकाने मुद्रणप्रत हाती धरून ती खड्या आवाजात वाचावयाची आणि दुसऱ्याने समोरच्या ओलसर प्रुफावर नजर खिळवून अक्षर न् अक्षर पडताळून घ्यावयाचे, असा आमच्या पुण्यातल्या छापखान्याचा जुना शिरस्ता होता. आणि या प्रकाराला आमच्या थोरल्या मुद्रितशोधकांनी हिशेबाच्या दफ्तरातून उचललेला ‘रुजुवात’ हा शब्द लावलेला होता. क्रमिक पुस्तकांची, सहकारी पतपेढ्यांच्या वार्षिक अहवालांची, कथाकादंबऱ्यांची जशी रुजुवात होई तशीच कवितासंग्रहांचीही होई. वाचणाऱ्याने स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, दंड, दुहेरी दंड हे सारे उच्चारून सांगावयाचे, आवाजात भाव आणावयाचा नाही, चाल तर मुळीच लावावयाची नाही, असा सक्त दंडक असे, कारण चालीच्या ओघात वाचणारा चुकीचे अक्षरही बरोबर वाचून मोकळा होतो. तरीसुद्धा अहवाल वाचताना दोन पानांत थकून जाणारा वाचक मुलगा कवितेच्या चारपाच ओळी वाचून होतात न होतात तोच, त्याच्याही नकळत, एका विशिष्ट पावलाने चालू लागे, त्याचा श्वास ओळीच्या अखेरीस येऊन टेके, आणि दंडक मोडल्याबद्दल त्याला कितीही वेळा टोकले तरी पुढच्या कडव्यात तो पुन्हा तसाच वाचू लागे. कवितेतील पुनरुक्ती आणि नादरचना यांविषयी मला जे काही कळले ते काव्यशास्त्राच्या ग्रंथांनी पुढे पक्के केले हे खरे. परंतु त्याची पहिली ओळख मला शिशाच्या खिळ्यांच्या, शाईच्या आणि या एकसुरी वाचनाच्या सहवासातच झाली.

जुळाऱ्याच्या हातून ज्या चुका होतात त्यांपैकी उलटा पडलेला खिळा, हुकलेली वेलांटी, तुटलेले जोडाक्षर या चुका डोळ्यांना आपोआप खुपतात. खरी घातकी चूक निराळीच असते. जुळारी मुद्रणप्रतीवरची एक ओळ मनात धरतो, खणांतून खिळे उचलून ती जुळवतो आणि पुन्हा प्रतीकडे पाहतो. आता त्या प्रतीत लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील, तर परत येणारी त्याची नजर पहिल्या शब्दाऐवजी दुसऱ्यावर जाऊन बसते आणि मधली ओळ कोणाच्याही ध्यानीमनी नसताना गळून पडते. हाच प्रकार उलट घडला तर एकच ओळ दुबार जुळते. जुन्या पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखकांच्या हातूनही या दोन्ही चुका होत आलेल्या आहेत, आणि पाठचिकित्सा करणाऱ्या विद्वानांना त्या उत्तम परिचयाच्या आहेत. गद्यात अशी ओळ गळाली तर वाक्य लंगडे होते आणि चूक आपण होऊन पुढे येते. पद्यातील ओळ बहुधा स्वयंपूर्ण असते, त्यामुळे ती नाहीशी झाली तरी व्याकरण शाबूत राहते, अर्थही लागतो, आणि डोळा समाधान पावून पुढे जातो. सारखेपणा दिसला की तो ओलांडून जावयाचे, हा डोळ्याचा स्वभावच आहे. कानाची रीत अगदी वेगळी: एकदा भेटलेला शब्द पुन्हा येणार म्हणून तो वाट पाहत राहतो, आणि आला नाही तर अस्वस्थ होतो.

उदाहरणादाखल मीच चार ओळी जुळवतो. त्यांत काव्यगुण शोधू नयेत. ‘अजून दिवा तेवतो आहे, अजून दार उघडे आहे, अजून पाय धुवायचे पाणी कोमट आहे, अजून कोणी आलेले नाही.’ चारही ओळींच्या आरंभी ‘अजून’ हा एकच शब्द आहे. पहिल्या ओळीत तो केवळ वेळ सांगतो. दुसऱ्या ओळीत तो आला की हा योगायोग नसावा एवढे कानाला कळते. तिसऱ्या ओळीत त्याची सवय होते, आणि पाय धुवायच्या पाण्याच्या उल्लेखाने कोणाची तरी वाट पाहिली जात आहे हेही उघड होते. चौथ्या ओळीत तोच शब्द त्याच जागी येतो, पण आधीच्या तिन्ही ओळी काहीतरी ‘आहे’ म्हणून सांगत आल्या आणि ही ‘नाही’ म्हणते. चालू असलेल्या गोष्टी दाखवणारा शब्द एकाएकी न घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवू लागतो. आता यातली तिसरी ओळ काढून पाहावी. अर्थ बिघडत नाही, व्याकरण बिघडत नाही. परंतु सवय पुरती जडण्यापूर्वीच ती मोडली गेल्यामुळे शेवटच्या ओळीचा आघात निम्म्याने उणावतो. पुनरुक्त शब्द जुना असला तरी त्याचा शेजार नवा असतो, आणि शेजार बदलल्यामुळे शब्दात काय फरक पडला हे ऐकण्यासाठीच तो पुन्हा उच्चारला जातो, ही गोष्ट मला अशा ओळींनी शिकवली.

असा एक प्रसंग आमच्या मेजावर प्रत्यक्ष घडला. एका कवीच्या संग्रहाची टंकलेखकाने केलेली स्वच्छ प्रत आमच्याकडे आली होती आणि प्रुफ त्या प्रतीशी तंतोतंत जुळत होते. कडव्यांची लांबी मुळातच कमीअधिक असल्यामुळे ओळी मोजून काही निष्पन्न होण्यासारखे नव्हते. तथापि एका कडव्याशी वाचणारा मुलगा अडखळला, मागे गेला, पुन्हा अडखळला, आणि पलीकडच्या मेजावर आपल्या कामात गढलेले आमचे थोरले मुद्रितशोधक मान वर करून म्हणाले, “इथून काहीतरी गेले आहे. त्यांना विचारून घ्या.” प्रत त्यांच्यासमोर नव्हती, कविता त्यांनी पूर्वी वाचलेली नव्हती, केवळ दोनदा आलेला एक शब्द तिसऱ्यांदा यावयास हवा होता आणि तो आला नाही, एवढेच त्यांच्या कानाला जाणवले होते. कवीला पत्र गेले. उत्तरादाखल आलेल्या कार्डावर टंकलेखनात राहून गेलेली ओळ लिहिलेली होती, आणि तिचा आरंभ त्याच शब्दाने होत होता. अक्षराची अक्षराशी रुजुवात करून जी चूक सापडणे शक्यच नव्हते ती कवितेच्या अंगभूत घडणीने पकडून दिली, याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते आणि आजही वाटते.

अनुप्रासाचे मोजमाप तर मला जुळाऱ्यांनी शिकवले. शिशाच्या छपाईत प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला आणि त्यातले खिळे मोजके. नित्याच्या मजकुरात कोणते अक्षर किती लागते याच्या अदमासाने ते भरलेले असत. एकदा निसर्गकवितांचे एक पुस्तक जुळायला लागले असताना आमचे वयस्क जुळारी, ज्यांना सारा छापखाना अण्णा म्हणे, माझ्याकडे येऊन म्हणाले, “अहो मास्तर, या कवीने माझा ळ संपवला. आधीचा फर्मा छापून सुटल्याशिवाय पुढचे पान उभे राहायचे नाही.” त्यांचा खण खरोखरच रिकामा झालेला होता. पुढे मी त्या पानाची कविता काढून पाहिली तेव्हा तिच्यात पाणी होते, वारा होता, झाडांची पालवी होती, आणि या सर्वांबरोबर आलेली झुळझुळ, खळखळ, सळसळ होती. मराठीने असे अभ्यस्त शब्द कवीच्या पुष्कळ आधी घडवून ठेवलेले आहेत. जीभ मागे वळून टाळूला लागते आणि घसरत पुढे येते, तो ळकाराचा उच्चार. तीच हालचाल दोनदा करावयास लावणारे हे शब्द उच्चारणाऱ्याच्या तोंडातच पाणी वाहते करतात. परंतु म्हणून ळ हा वर्ण स्वभावतःच मधुर आहे, असे जे काही रसिक सांगतात ते मला पटत नाही. तळमळ, हळहळ, जळफळ, वळवळ, मळमळ हे शब्दही त्याच वर्णाच्या आधाराने उभे आहेत आणि त्यांपैकी एकातही माधुर्य नाही. वर्णाच्या अंगी एक हालचाल असते. त्या हालचालीतले काय ऐकावयाचे हे अर्थ ठरवतो. पाण्याचा विषय निघाला की तिच्यातला ओघ ऐकू येतो, मनस्तापाचा निघाला की तीच हालचाल जागच्या जागी घुसमटल्यासारखी वाटते.

संस्कृत आलंकारिकांनी या विषयाचा तपशील फार बारकाईने लावलेला आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात छेकानुप्रास, वृत्त्यनुप्रास आणि लाटानुप्रास असे भेद सांगितले. वर्णांची आवृत्ती म्हणजे अनुप्रास, सारख्याच वर्णसमूहाचा भिन्न अर्थाने होणारा पुनरुच्चार म्हणजे यमक, आणि शब्दही तोच, अर्थही तोच, केवळ तात्पर्य निराळे तो लाटानुप्रास, अशी ही मांडणी आहे. विद्यार्थिदशेत ही परिभाषा मी परीक्षेपुरती पाठ केली होती. रुजुवातीच्या मेजावर बसू लागल्यावर लाटानुप्रासाच्या व्याख्येचे मोल मला उमगले, कारण तोच शब्द, तोच अर्थ, पण बदललेले तात्पर्य, हेच तर त्या ‘अजून’मध्ये घडते. पुनरुक्तीला दोषांच्या यादीत घालणाऱ्या शास्त्राने तिच्या या एका रूपाला अलंकाराचा मान द्यावा, यात त्या जुन्या पंडितांच्या कानाची खरी साक्ष पटते.

आपल्याकडे या वर्णक्रीडेची परिसीमा मोरोपंतांनी गाठली. त्यांनी रचलेल्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ज्यांच्या उच्चाराला ओठाला ओठ लावावा लागतो ते वर्णच त्यात येऊ द्यावयाचे नाहीत, आणि मकारही त्यांतलाच असल्यामुळे ज्याची कथा सांगावयाची त्या रामाचे नावसुद्धा घ्यावयाचे नाही, अशी ती प्रतिज्ञा. संस्कृतात दंडीच्या दशकुमारचरितातही मंत्रगुप्त आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. प्रियेने चुंबनात ओठ दुखावल्यामुळे त्याला ते वर्ण उच्चारता येत नाहीत, असे कारणही तेथे दिलेले आहे. मी ही हकीकत अण्णांना सांगितली तेव्हा ते क्षणभर विचार करून म्हणाले, “म्हणजे प-फ-ब-भ-म हे पाच खण झाकूनच ठेवायचे.” मोरोपंतांच्या अलौकिक भाषाप्रभुत्वापुढे मी सदैव नतमस्तक आहे, पण निरोष्ठाची किमया खणांना जितकी कळते तितकी कानाला कळत नाही, असे माझे नम्र मत आहे. जे आले ते कानाला ऐकू येते, जे आलेच नाही ते कोणीतरी आधी सांगितल्यावाचून ऐकू येत नाही. त्यांच्या गीतिवृत्तातल्या आर्यांचे तसे नाही. बारा आणि अठरा मात्रांच्या त्या चरणांचा तोल इतका काटेकोर असतो, की एक अनुस्वार निसटला किंवा एक इकार लांबला तरी वाचणाऱ्याची जीभ जागच्या जागी ठेचकाळते. वृत्ताच्या गरजेसाठी ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत कवीला मोकळीक असावी, असे शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही मान्य केलेले आहे. नवशिक्या मुद्रितशोधकाला मी हे कलम आधी दाखवत असे, कारण शुद्धलेखनाच्या उत्साहात कवीच्या मात्रा वाढवून ठेवणारी लाल शाई मी पुष्कळ पाहिली आहे.

ध्रुपदाचा प्रश्न याहून नाजूक. अभंग छापताना पहिल्या किंवा दुसऱ्या चरणापाशी ‘॥धृ॥’ अशी खूण करावयाची आणि पुढे ते चरण पुन्हा छापावयाचे नाहीत, ही आपली परंपरागत पद्धत आहे, आणि अभंगाच्या बाबतीत ती सर्वथा योग्य आहे, कारण अभंगाचा वाचक मुळात गाणारा असतो व कोठे परत यावयाचे हे त्याला ती खूण सांगते. कीर्तनात बुवा एकेक चरण घेऊन त्याचे विवरण करतात, दृष्टांत देतात, आणि सर्व फेरफटका मारून पुन्हा ध्रुपदावर येतात. मागे उभे असलेले टाळकरी ते उचलून धरतात. प्रत्येक विवरणानंतर त्या मूळ चरणात थोडी अधिक भर पडलेली असते, आणि पहिल्यांदा साधे विधान वाटलेले शब्द अखेरच्या आवर्तनात सिद्धान्ताच्या वजनाने येतात. हरिपाठ नित्यनेमाने म्हणणाऱ्या कोणालाही हा अनुभव सांगावा लागणार नाही: प्रत्येक अभंगानंतर तेच पालुपद, आणि तरीही ते म्हणताना कंटाळा येण्याऐवजी मन अधिकाधिक एकाग्र होत जाते. मोठ्या अभंगाच्या अंतर्गत घडणीतही हेच परत येणे भरलेले आहे. सहा अक्षरांचे तीन चरण, त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, आणि चौथा चार अक्षरांत संपणारा. दोन यमकांनी निर्माण केलेली अपेक्षा त्या आखूड चरणात येऊन विसावते, आणि पुढच्या चौकात पुन्हा तोच क्रम सुरू होतो.

आधुनिक कवितेच्या पालुपदाला हा ‘॥धृ॥’चा न्याय लावता येत नाही, कारण तिचा वाचक एकटा बसून मनातल्या मनात वाचणारा असतो, आणि डोळा खुणेवरून पुढे निघून जातो. एका संग्रहाचा शेवटचा फर्मा थोडक्या ओळींसाठी ओसंडू लागला तेव्हा कागद वाचवण्याच्या हेतूने व्यवस्थापकांनी हुकूम केला, की शेवटच्या कवितेतले पालुपद पहिल्या कडव्याखाली पूर्ण ठेवून पुढच्या कडव्यांखाली नुसती खूण करावी. प्रुफ पाहावयास कवी स्वतः आले. अतिशय मवाळ गृहस्थ. ते रागावले नाहीत. कागदाच्या रिमावर बसून त्यांनी ती कविता, पालुपद प्रत्येक ठिकाणी पूर्ण म्हणत, आम्हांला वाचून दाखवली. तिन्हीसांजेला अंगणातून मुलाला घरात बोलावणाऱ्या आईची हाक हे त्या कवितेचे पालुपद होते. पहिल्या कडव्याखाली ती हाक आईच मारत होती. दुसऱ्या कडव्यात मुलगा मोठा होऊन परगावी गेलेला होता, आणि तीच हाक, एका अक्षराचाही फरक न होता, त्याच्या आठवणीत उमटत होती. तिसऱ्या कडव्यात आई नव्हती; घराच्या बंद दारासमोर उभा राहून आता तो स्वतःच ते शब्द उच्चारत होता. शब्द तेच, आणि बोलणारी माणसे तीन. अण्णा हातातली स्टिक बाजूला ठेवून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी कोणाला न विचारता आधीच्या दोन पानांतल्या ओळींमधले लेड बारीक केले, मथळा थोडा वर घेतला, आणि तिन्ही पालुपदे फर्म्यात बसवून दिली. व्यवस्थापकांनीही मग हरकत घेतली नाही. ज्या कवितेत पालुपदाची जागा खुणेने भरून निघते त्या कवितेला पालुपदाची गरज नव्हती, आणि जिला गरज आहे तिथे खूण म्हणजे कवितेचा अंगभंग, हे मी त्या दिवसापासून धरून चाललो आहे.

नादाची घडण मजकुराची राखणही करते. या बाबतीत वेदपठणाची परंपरा अद्भुत आहे. क्रमपाठात पदे जोडीजोडीने पुढे जातात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणावयाची. आणि घनपाठात दोन पदे सुलट व उलट, मग तीन पदे सुलट, उलट आणि पुन्हा सुलट, अशी आवर्तने घेत पुढे सरकावयाचे. एकेका पदाची अशी वारंवार रुजुवात होत असता त्यात चुकीचा वर्ण शिरणार तरी कोठून? आमच्या मेजावर दोन माणसे मिळून जे करीत ते येथे एकटा पाठक आपल्या कंठात करून घेतो. मराठीत हेच काम यमकाने केलेले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. एकनाथांनी तिचे पाठशोधन केले ते शके १५०६ मध्ये, म्हणजे सुमारे तीन शतकांनंतर, आणि दरम्यान नकलाकारांनी त्यात बरेच कमीजास्त केलेले होते. शुद्ध केलेल्या प्रतीत कोणी आपली ओवी घुसडू नये, असे नाथांनी अखेरीस कळकळीने बजावलेलेही आहे. या ग्रंथातील ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण आखूड व निर्यमक असतो. नकला करणारा लेखक ओळीच्या मध्यभागातला जुना शब्द काढून आपल्या काळचा शब्द सहज घालू शकतो, पण यमकाच्या जागेवर हात घातला तर उरलेल्या दोन चरणांची साक्ष लगेच त्याच्याविरुद्ध जाते. म्हणून यमकस्थानी पुराणी रूपे अधिक टिकून राहतात, आणि संपादकाला पाठ ठरवताना त्यांचा मोठा आधार मिळतो. यमकाला नुसता शोभेचा दागिना समजणाऱ्यांनी त्याची ही चाकरी ध्यानात घ्यावी.

जिथे कागदच नव्हता तिथे पुनरुक्तीवर केवढी भिस्त होती, हे बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवरून दिसते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी टिपून ठेवली, आणि १९५१ साली त्या निवर्तल्यावर पुढच्याच वर्षी ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांच्या कितीतरी गाण्यांचा आरंभ एका शब्दाच्या लगोलग दुहेरी उच्चाराने होतो. हा दुहेरी उच्चार दळताना किंवा मळ्यात काम करताना सुचत गेलेल्या गाण्याचा पाया असतो. हात कामात आहेत, विचार अजून पुरता जुळलेला नाही, आणि तेवढ्या अवकाशात तोच शब्द पुन्हा घेऊन लय राखली जाते. जात्यावर दोघी बसल्या असताना एकीने घेतलेली ओळ दुसरीने परत म्हणावी, तोवर पहिलीला पुढची ओळ सुचावी, अशीच आपल्या बायकांची रीत होती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या त्या त्यांनी छापल्या तशाच आपण वाचतो, पण छापील पानावर एकदाच दिसणारी ओळ प्रत्यक्ष जात्यावर किती वेळा फिरली असेल, याची कल्पना वाचकाने स्वतःच्या कानाने करावयाची असते.

मुक्तछंद आला तेव्हा यमक गेले, अक्षरसंख्या गेली, आणि आता पुनरुक्तीही जाईल असे काहींना वाटले असावे. घडले ते उलट. कवी अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’नंतर, म्हणजे १९४० नंतर, मराठीत मुक्तछंद रुजत गेला तसतसा कवितेचा तोल सांभाळण्याचा भार अधिकाधिक पुनरुक्तीवर येत गेला, एखादे क्रियापद, एखादा संबोधनाचा शब्द, वाक्याची एकच घडी पुन्हा पुन्हा आणून कवी ओळींना एकत्र बांधू लागले. मर्ढेकरांनी तर १९४७च्या ‘काही कविता’त ओवी आणि अभंग हेच जुने साचे यंत्रयुगातल्या शहरी आशयासाठी वापरले, आणि शतकानुशतके भक्तीने भरलेल्या लयीतून ते वास्तव ऐकताना मराठी कान दचकला, याचे कारण त्या साच्याची आठवण त्याच्यात आधीपासून होती. तथापि पुनरुक्ती हा मुक्तछंदाच्या कवीचा सर्वात सोपा आडोसाही आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. सांगण्यासारखे संपले की शेवटची ओळ दोनदा लिहावयाची, ही खोड मी शेकडो प्रुफांत पाहिली आहे. तिची परीक्षा सोपी आहे. पुनरुक्त ओळ झाकून कविता मोठ्याने वाचावी. कान जर पुढे काहीतरी राहिले म्हणून थांबून राहिला तर ती ओळ कवितेची, आणि तो निमूट उठून गेला तर ती कवीच्या सवयीची.

शिशाचे खिळे आता वितळवले गेले आहेत आणि मजकूर संगणकावर जुळतो. त्यामुळे गळण्याची जुनी चूक कमी झाली, पण तिच्या जागी एक नवी आली आहे. पालुपद दिसले की जुळणी करणारी व्यक्ती ते एकदाच टंकित करते आणि पुढच्या प्रत्येक जागी त्याची नक्कल चिकटवते. कवीने मात्र शेवटच्या आवर्तनात एक ‘का’ वाढवून विधानाचा प्रश्न केलेला असतो, किंवा ‘येशील’चे ‘येशी’ केलेले असते, आणि सारी कविता त्या एका अक्षराकडे चालत आलेली असते. नकलेने ते अक्षर बिनबोभाट पुसले जाते. अण्णांना प्रत्येक पालुपद खिळा खिळा उचलून नव्याने जुळवावे लागे, म्हणून प्रत्येक वेळी त्यांची नजर मूळ प्रतीवर जाई. मी आजही कवितेची प्रुफे येतात तेव्हा पालुपदे तेवढी वेगळी काढून, शेवटापासून आरंभाकडे, मूळ प्रतीशी ताडून पाहतो.

माझ्यासोबत सध्या रुजुवातीला एक तरुण मुलगी बसते. तिचा कान फार चांगला आहे. गेल्या पावसाळ्यात एका संग्रहात तिला ‘दूर दूर’ हे शब्द एका कवितेत दोन ठिकाणी सापडले, एका ठिकाणी मध्ये स्वल्पविराम होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. नियमाप्रमाणे दोन्हीकडे सारखे करावे, असे तिने प्रुफाच्या समासात लिहिले, आणि मग, “काका, एकदा वाचून बघू या का?” असे म्हणून दोन्ही ओळी वाचल्या. जिथे स्वल्पविराम नव्हता तिथे कवी अंतर सांगत होता. शब्दांची जोडी एका दमात जात होती. जिथे स्वल्पविराम होता तिथे पहिल्या ‘दूर’नंतर आवाज थांबला, पाहणाऱ्याने पुन्हा तिकडे पाहिले, आणि दुसरा ‘दूर’ पहिल्याहून लांब पडला. तिने समासातला आपला शेरा खोडला, दोन्ही ओळींपुढे ‘मुळाबरहुकूम’ असे लिहिले, आणि आम्ही पुढचे पान घेतले.